एका आज्ञेत निर्धास्त बसते

"ही लायब्ररी कोणत्याही लिनक्सवर एका आज्ञेत निर्धास्त बसते. कृपया खालील ओळ जशीच्या तशी टाइप करावी."

हे विधान एका छापील कागदावर होते. कागद इमारतीच्या तळमजल्यावरील भरतकामाच्या खोलीत भिंतीला चिकटवलेला होता आणि त्याच्या तळाशी लेखक म्हणून प्राध्यापकांच्या मेहुण्याचे नाव होते. विधानात चुकीचे असे फारसे नव्हते. 'कोणत्याही', 'एका', 'निर्धास्त' आणि 'बसते' एवढे चारच शब्द खोटे होते. 'ही' या शब्दाविषयी प्राध्यापकांची काही तक्रार नव्हती.

उरलेल्या तिनांपैकी 'आज्ञा' म्हणजे कॉम्प्युटरला टाइप करून दिलेला हुकूम; बाकीचे दोन शब्द वाचकाला नीट समजले पाहिजेत, नाहीतर पुढचा अन्याय समजणार नाही. 'लायब्ररी' म्हणजे येथे कपाटे आणि 'शांतता राखा' अशी पाटी असलेले दालन नव्हे. एखाद्या प्रोग्रामला पुन्हा पुन्हा लागणारी कामे करून देणारी, स्वतः पडद्यावर कधीही न झळकणारी, तयार सामग्रीची पेटी म्हणजे लायब्ररी. मेहुण्याच्या पेटीचे नाव 'रेघ'. चित्रातल्या रेषा मोजून त्यांचे टाके करून देणे हे तिचे काम. 'लिनक्स' हे एका वस्तूचे नाव नसून एका कुळाचे आहे. त्या कुळाच्या प्रत्येक शाखेला डिस्ट्रो म्हणतात, आणि प्रत्येक डिस्ट्रोची अशी पक्की खात्री असते की मीठ ठेवण्याची योग्य जागा जगात एकच असून ती आपल्याच फडताळात आहे. त्यामुळे 'कोणत्याही लिनक्सवर' असे लिहिणारा माणूस एकतर सर्वज्ञ असतो किंवा मेहुणा असतो.

प्राध्यापकांचे सारे आयुष्य जुन्या हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत गेले होते. एकाच ग्रंथाच्या अनेक नकला समोर मांडायच्या, कोणत्या नकलाकाराने कुठे डुलकी काढली आणि कुठे स्वतःची अक्कल घुसडली ते हुडकायचे, आणि या सगळ्या उपकारकर्त्यांच्या तावडीतून मूळ लेखकाला सोडवायचे, हा त्यांचा व्यवसाय. निवृत्तीनंतर हस्तलिखिते संपली, चिकित्सा उरली. ती मग इमारतीच्या सूचनाफलकावर होऊ लागली. पाण्याच्या वेळा जाहीर करणाऱ्या सूचनेच्या समासात त्यांनी एकदा असे टिपण लिहिले होते की या वेळा परस्परविरोधी असून त्यांपैकी एकही प्रत्यक्षात आढळत नाही. इमारत त्यांना पाठीमागे 'शुद्धिपत्र' म्हणत असे. त्यांना ते ठाऊक होते. नाव बरोबर असल्यामुळे त्यांनी त्यावर हरकत घेतली नव्हती.

अशा माणसाला त्याच्या पत्नीने एके सकाळी सांगितले, "अहो, आमचे तिन्ही कॉम्प्युटर रुसलेत."

"मग?" प्राध्यापकांनी पुस्तकातून डोके वर न काढता विचारले.

"मग काही नाही. भिंतीवर लिहिलंय की कोणत्याही लिनक्सवर एका आज्ञेत निर्धास्त बसते. आणि ती बसत नाही. तेवढंच सांगायला आले होते. तुम्ही वाचा निर्धास्त."

आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. प्राध्यापकांनी तेच पान पुन्हा एकदा वाचले, मग आणखी एकदा वाचले, आणि चपला घालून खाली गेले.

खोली मुळात जिने धुण्याच्या बादल्यांची होती. पत्नी शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिने आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सताईंनी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून ती मागून घेतली, घासूनपुसून रंगवली आणि तिथे भरतकामाची तीन जुनी यंत्रे आणून बसवली. सेक्रेटरींनी अट घातली होती: महिनाअखेरपर्यंत खोलीत काही काम होताना दिसले तर खोली बायकांची, नाहीतर बादल्यांची. काम मिळालेही होते. नर्सताई ज्या रुग्णालयात आयुष्यभर राबल्या, तिथे मुलांचा नवा विभाग उघडणार होता; तिथल्या प्रत्येक खाटेच्या पांघरुणावर एक पाखरू भरून हवे होते. नर्सताईंनी तिथल्या मेट्रनला शब्द दिला होता, आणि मेट्रन एकेकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेली असल्यामुळे शब्द मोडणे म्हणजे जन्मभराच्या दराऱ्यावर पाणी सोडणे होते. पांघरुणे कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली होती. पाखरू मेहुण्याने चित्रात काढून दिले होते. अडले होते फक्त टाक्यांपाशी.

"सर, तुम्ही आलात, आता जिवात जीव आला," नर्सताई म्हणाल्या. "वहिनी म्हणाल्याच होत्या, निर्धास्त राहा, ते येतील."

"मी फक्त पाहायला आलो आहे," प्राध्यापक म्हणाले. अनेक मोठी युद्धे याच वाक्याने सुरू झालेली आहेत.

ही यंत्रे चालवणारे तिन्ही कॉम्प्युटर भेट म्हणून मिळालेले होते, आणि भेट म्हणून मिळालेल्या वस्तूबरोबर देणाऱ्याचा स्वभावही येतो. एक मेहुण्याचा जुना, दुसरा नर्सताईंच्या जावयाचा, तिसरा कुठल्याशा बंद पडलेल्या छापखान्यातला. प्रत्येकाने देण्यापूर्वी त्यात आपल्या लाडक्या पंथाची डिस्ट्रो भक्तिभावाने प्रतिष्ठापित केली होती. बायकांना पंथांची नावे पाठ करण्यात रस नव्हता. त्यांनी पडद्यावरच्या चित्रांवरून कॉम्प्युटरना डोंगर, मासा आणि काळा अशी नावे दिली होती. काळ्याच्या पडद्यावर चित्रच नव्हते. या वर्गीकरणात प्राध्यापकांना प्रथमदर्शनी काहीही चुकीचे आढळले नाही, याची त्यांनी नोंद घेतली.

विद्यापीठात असताना पाठभेद जुळवणारा एक छोटा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता, त्यामुळे या क्षेत्रात ते अगदीच उपरे नव्हते. डोंगरासमोर बसून त्यांनी कागदावरची ओळ जशीच्या तशी टाइप केली. डोंगराने उत्तर दिले की 'रेघ' चालायला 'बिंदू' नावाची आणखी एक लायब्ररी लागते आणि ती सापडत नाही. प्राध्यापकांनी शोधले तर बिंदू तिथेच होती. फक्त दुसऱ्या कप्प्यात होती आणि तिच्या नावापुढे नवा क्रमांक लागला होता. माणूस घरात बसलेला असावा आणि केवळ बढती मिळाल्यामुळे कुटुंबाने त्याला ओळखू नये, तसला हा प्रकार. मासा म्हणाला, बिंदू आहे, पण ती वापरायची कशी याची माहिती आम्ही वेगळ्या पुडीत ठेवतो, ती आधी मागवा. काळा म्हणाला की आमच्या अधिकृत भांडारातून सहीशिक्क्यानिशी आलेली नसेल अशी कोणतीही वस्तू आम्ही उंबरठ्याच्या आत घेत नाही.

"एका आज्ञेत," प्राध्यापक कागदाकडे पाहून शांतपणे म्हणाले. त्यांचा राग थंड होता. तो कधी उकळत नसे, गोठत असे.

मेहुण्याला विचारण्याची सोय नव्हती. तो समुद्राची खोली मोजणाऱ्या जहाजावर नोकरीला होता, आणि जहाज अशा ठिकाणी होते जिथे खोली भरपूर आणि फोन अजिबात नसतो. रेघ त्याने मुळात समुद्राच्या नकाशांसाठीच लिहिली होती, मग बहिणीच्या प्रेमापोटी तिला टाके घालायला शिकवले.

शेजाऱ्यांची सोय मात्र होती. बातमी जिन्यावरून वर जायला वेळ लागला नाही आणि सल्ले त्याच जिन्यावरून खाली आले. पहिल्या मजल्यावरचे विमा एजंट म्हणाले, "सर, बंद करून चालू केलंत का?" प्राध्यापकांनी केले होते. "मग चालू करून बंद करून बघा." सेक्रेटरी दारात उभे राहून खोलीची लांबीरुंदी नजरेने मोजत म्हणाले, "माझ्या भाच्याच्या ऑफिसात अगदी हेच झालं होतं."

"मग त्यांनी काय केलं?" पत्नीने आशेने विचारले.

"ऑफिस बदललं."

"आम्ही खोली बदलणार नाही," पत्नी म्हणाली.

"छे छे, मी कुठे तसं म्हणतोय? बादल्या जिन्याखाली भिजतायत, एवढंच म्हणतोय."

बादल्या भिजल्याने त्यांचे कोणते नुकसान होते हा प्रश्न प्राध्यापकांच्या ओठांवर आला होता; तो त्यांनी पुढील अभ्यासासाठी राखून ठेवला.

त्या दिवशी त्यांनी जे केले ते त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला कधीही करू दिले नसते. डोंगरातल्या नव्या बिंदूला त्यांनी जुन्या नावाची पाटी लावली. रेघेने दारावर येऊन विचारले, जुनी बिंदू इथेच राहते का? पाटी म्हणाली, हो. रेघ आत गेली. माशाला त्यांनी माहितीची पुडी मागवून दिली. काळ्याच्या उंबरठ्यावरचा पहारा एका आडवाटेने तात्पुरता उठवला. संध्याकाळपर्यंत तिन्ही यंत्रे घरघरू लागली, नर्सताईंनी टाळ्या वाजवल्या आणि पत्नीने तिन्ही साच्यांत तीन पांघरुणे ताणून बसवली.

सगळ्यांत आधी डोंगराचे पाखरू तयार झाले. नर्सताईंनी ते उजेडात धरले, डोळ्यांपासून लांब नेले, जवळ आणले.

"किटली सुरेख आलीये, सर."

"ते पाखरू आहे," प्राध्यापक म्हणाले.

"असेल. पण हे तोंड बघा, अगदी चहा ओतायला. आणि ही मागे मूठ."

"ती शेपटी आहे."

"शेपटी आहे म्हणे, वहिनी!"

किटली नाकारणे अवघड होते. माशाचे पाखरू त्या मानाने प्रामाणिक होते. चोच, पंख, पाय सगळे जागच्या जागी होते, फक्त ते उताणे पडून पाय वर करून होते. "हे मुलांच्या विभागात चालणार नाही," नर्सताई अनुभवाने म्हणाल्या. काळ्याने तर पाखरू भरलेच नाही. त्याने सगळे टाके वाटाण्याएवढ्या जागेत एकावर एक घातले, सुई मोडली, आणि पांघरुणाला असे भोक पडले की त्यातून पलीकडचे सेक्रेटरी दिसत होते.

एकच लायब्ररी, एकच चित्र, तीन कॉम्प्युटर आणि तीन पाखरे! दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावला असता. प्राध्यापकांच्या मनात मात्र, कित्येक महिन्यांनंतर प्रथमच, एक लाजिरवाणा आनंद जागा झाला. ही बिघाडाची लक्षणे नव्हती. हे पाठभेद होते.

दुसऱ्या दिवशी आनंदावर विरजण पडले. माशाने सकाळी उठून आपण होऊन स्वतःला अद्ययावत करून घेतले आणि त्या साफसफाईत, कोणत्याही दप्तरात नोंद नसलेली ती रेघ, केराच्या टोपलीत टाकली. डोंगराने पाटी काढून फेकली. काळ्याने पहारा दुप्पट केला. हाताने कोंबलेले काहीही या घरांमध्ये टिकत नाही, हे स्पष्ट झाले. प्रत्येक पंथाच्या रीतीने रेघेचे रीतसर पॅकेज बांधायला हवे होते. म्हणजे तिला काय लागते, कितव्या क्रमांकाचे लागते आणि ती कुठल्या कप्प्यात बसणार, हे सारे जाहीर करून, गाठोडे बांधून दारात नेऊन ठेवायचे. डोंगर आणि मासा घरी बांधलेले गाठोडे घेणार होते. काळ्यासाठी मात्र भांडाराच्या परीक्षकांकडे अर्ज करणे आले.

भांडाराचे परीक्षक हे जगभर विखुरलेले, बिनपगारी काम करणारे सज्जन असतात आणि बिनपगारी काम करणाऱ्या माणसाइतके कडक जगात कोणी नसते. पहिले उत्तर आले, ते असे: 'पॅकेजमध्ये परवान्याची प्रत आढळली नाही.' प्राध्यापकांनी शोधून जोडली. दुसरे उत्तर: 'वर्णनाच्या शेवटी पूर्णविराम आहे. वर्णनाच्या शेवटी पूर्णविराम नसतो.' हे वाचून प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला आणि ते पुन्हा वाचले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे पूर्णविराम तपासले, त्याचा पूर्णविराम आज तपासला गेला होता. घाव वर्मी होता, पण हत्यार ओळखीचे होते.

"काय झालं?" पत्नीने विचारले.

"काही नाही. तिकडे एक शुद्धिपत्र बसले आहे."

तिने हसू आवरायचा प्रयत्न केला. तो फारसा जमला नाही.

तिसरे उत्तर: 'या पॅकेजची देखभाल कोण करणार? त्या व्यक्तीची ओळख आमच्या एखाद्या सभासदाने प्रत्यक्ष भेटून पटवली पाहिजे. आपल्या सर्वांत जवळच्या सभासदाचा पत्ता सोबत आहे.' पत्ता मागच्या गल्लीतला होता. प्राध्यापक ओळखपत्र घेऊन तिथे पोहोचले, तर दारावर दातांच्या डॉक्टरांची पाटी.

"बसा," दंतवैद्य खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले.

"मी दातांसाठी आलेलो नाही. भांडारासाठी आलो आहे."

"कळलं. पण माझ्याकडे बसायला दुसरी खुर्चीच नाही."

प्राध्यापक बसले. खुर्ची आपोआप मागे कलली आणि त्यांचे पाय वर आले. अशा स्थितीत स्वतःची ओळख पटवून देणे किती कठीण असते, हे अनुभवल्याशिवाय कळायचे नाही. दंतवैद्यांनी ओळखपत्र दिव्याखाली धरले, भिंगातून पाहिले, मग तेच भिंग प्राध्यापकांच्या चेहऱ्यावर आणले.

"फोटोत मिशी आहे."

"होती."

"का काढलीत?"

"याचा लायब्ररीशी काय संबंध?"

"ओळखीशी आहे. आ करा."

प्राध्यापकांनी, का कोण जाणे, आ केला. दंतवैद्यांनी आरसा आत घातला आणि तोंड पूर्णपणे ताब्यात आल्यावर बोलायला सुरुवात केली. "मी तुमचं गाठोडं उघडून बघितलंय, सर. तुमचं दुखणं पाटीत नाही, पोटात आहे. या रेघेच्या पोटात बिंदूची एक जुनी नक्कल लपवलेली आहे. बाहेर कॉम्प्युटरची स्वतःची बिंदू, आत ही दुसरी. एका घरात एकाच नावाचे दोन जावई. हाक मारली की कोण ओ देईल याचा नेम नाही. एका घरात हा देतो, दुसऱ्या घरात तो, तिसऱ्यात दोघं अर्धं अर्धं. वरून टोपी बसवून काय होणार? मूळच साफ करायला हवं."

"आ-आ," प्राध्यापक म्हणाले. त्यांना म्हणायचे होते की हे मला समजायला हवे होते.

"आणि डावीकडची अक्कलदाढ किडलीये."

अक्कलदाढेविषयीचे हे निदान प्राध्यापकांनी वैयक्तिक मानले नाही, असे ते नंतर सांगत. पण ते न विचारता सांगत, यावरून काय ते समजावे. ओळख मात्र पटली. दंतवैद्यांनी आपली डिजिटल सही केली आणि वर दाढेसाठी पुढच्या आठवड्यातली वेळ दिली.

घरी परतताना प्राध्यापकांची चाल बदललेली होती. लपवलेली जुनी नक्कल! म्हणजे प्रक्षेप, मूळ ग्रंथात कोणीतरी मागाहून घुसडलेला मजकूर. आयुष्यभर त्यांनी दुसरे केले काय होते? त्यांनी जेवणाच्या टेबलावरची फुलदाणी हलवली आणि बिंदूच्या चार प्रती शेजारी शेजारी मांडल्या: डोंगराची, माशाची, काळ्याची आणि रेघेच्या पोटातली. मग ओळीला ओळ लावून वाचायला बसले. पत्नीने जेवायचे ताट बाजूच्या स्टुलावर ठेवले.

चित्र हळूहळू उलगडले. जुनी बिंदू उंची वरून खाली मोजत असे, कारण मेहुण्याच्या नकाशांत पाणी वर आणि तळ खाली होता. नवी बिंदू खालून वर मोजत होती. माशात सगळे पाखरू जुनीने वरून खाली मोजले आणि यंत्राने ते खालून वर भरले, म्हणून ते उताणे. जुनीचे माप आणि नवीचे माप वेगळे, म्हणून काळ्याने वाटाण्याएवढ्या जागेत गोळीबार केला. आणि डोंगरात खुद्द प्राध्यापकांनी खोटी पाटी लावून नवीला जुनीचे कपडे घातले होते, म्हणून किटली. हा शेवटचा निष्कर्ष त्यांनी टिपणात लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि कर्त्याचे नाव लिहिण्याऐवजी 'एका अज्ञात नकलाकाराची लबाडी' असे लिहिले.

"'अज्ञात' कोण?" पत्नीने खांद्यावरून वाचत विचारले.

"शास्त्रात असे लिहिण्याची पद्धत आहे."

"बरं."

मग त्यांनी पोटातली नक्कल अलगद काढून टाकली, रेघेला नव्या बिंदूचे माप शिकवले आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिला एक सवय लावली: कोणाच्याही घरात शिरताना मीठ कुठे आहे हे गृहीत धरायचे नाही, आधी विचारायचे. तिन्ही पंथांच्या रीतीने तीन गाठोडी बांधली. माशासाठी माहितीची पुडी वेगळी केली. डोंगरासाठी कप्पा बदलला. काळ्यासाठी वर्णनातला पूर्णविराम काढला; हे करताना त्यांचा हात क्षणभर थांबला होता, हे पत्नीने पाहिले.

मधल्या काळात महिनाअखेर येऊन ठेपली. पुन्हा पाठवलेल्या गाठोड्यावर परीक्षकाचे उत्तर येत नव्हते, आणि परीक्षकाने तपासल्याशिवाय डोंगर आणि मासाही चालवायला प्राध्यापक तयार नव्हते; किटलीचा अनुभव ताजा होता. सेक्रेटरी रोज सकाळी एक बादली आणून खोलीच्या दाराशी ठेवत आणि 'सहज' म्हणून निघून जात. नर्सताईंनी हाताने पाखरू भरायला घेतले. त्यांचा टाका जखमेवरचा असल्यामुळे पाखराला नुकतीच शस्त्रक्रिया झाल्यासारखे दिसे. पत्नीने त्या दिवसांत एकदाही विचारले नाही की होणार का. ती खोलीत जाई, यंत्रांवरची धूळ पुसे, दोऱ्यांची रिळे रंगांप्रमाणे लावी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रिळे काढून पुन्हा तशीच लावी. प्राध्यापकांनी हे दारातून पाहिले. परत वर येऊन त्यांनी, निवृत्तीनंतर प्रथमच, कोणाला तरी 'विनंती' हा शब्द वापरून संदेश लिहिला: बायकांची एक खोली यावर अवलंबून आहे, कृपया पाहावे. त्यात एकही उपरोध नव्हता. तपासून पाहिला, खरोखरच नव्हता.

उत्तर दुपारी आले. 'मंजूर. वर्णन नेटके आहे.'

त्या शेवटच्या तीन शब्दांचे प्राध्यापकांना जे वाटले, ते त्यांना विद्यापीठाच्या सुवर्णपदकाचेही वाटले नव्हते. ते खाली धावले. होय, धावले, विमा एजंटांनी पाहिले असून ते साक्ष द्यायला तयार आहेत. डोंगर, मासा, काळा. तिन्हींवर एकेक आज्ञा. तिन्ही यंत्रे सुरू झाली. पहिले पाखरू झाले, दुसरे झाले, तिसरे झाले. पत्नीने तिन्ही पांघरुणे एकावर एक ठेवून खिडकीशी धरली. चोचीवर चोच, पंखावर पंख.

"अगंबाई, पाखरूच आहे की!" नर्सताई म्हणाल्या.

यंत्रांच्या घरघरीने सेक्रेटरी आले. त्यांनी आत पाहिले, आपली बादली उचलली आणि ती रिकामी असूनही जड असल्यासारखी घेऊन गेले. पांघरुणे वेळेत रुग्णालयात पोहोचली. घाईत किटलीचेही एक गेले. ते परत मागवायला नर्सताई गेल्या तेव्हा एका खाटेवरच्या मुलीने ते गळ्यापर्यंत ओढून घेतले होते आणि ती सोडायला तयार नव्हती. मेट्रन म्हणाली की बाकीची मुलेही आता किटली मागत आहेत, आणखी मिळतील का? प्राध्यापकांनी ही मागणी फेटाळली. पुढे पत्नीने ती परस्पर स्वीकारली, आणि डोंगरात ती खोटी पाटी पुन्हा कोणी लावून दिली हे शास्त्राला अज्ञात आहे.

आता फक्त न्याय उरला होता. मेहुण्याचे जहाज किनाऱ्याला लागले आणि तो रापलेला, दाढी वाढलेला, भेटायला आला. प्राध्यापकांनी त्याला चहा दिला, खुर्ची दिली आणि नंतर भिंतीसमोर उभे केले. आरोपपत्र त्यांनी मनात कित्येक वेळा घोळवले होते.

"हे विधान वाच. मोठ्याने."

मेहुण्याने वाचले. मग तो हसायलाच लागला.

"दाजी, हे मी नाही लिहिलेलं."

"खाली तुझे नाव आहे."

"नाव माझं असेल, वाक्य माझं नाही. मी रेघेबरोबर एकच ओळ लिहून दिली होती: 'ही फक्त माझ्या कॉम्प्युटरवर चालते. दुसरीकडे चालली तर मला कळवा, मलाही आश्चर्य वाटेल.' शिवाय हे 'कृपया' बघा. मी जन्मात कधी कुणाला कृपया म्हटलंय का? आणि 'निर्धास्त'? हा शब्द आमच्या घरात फक्त..."

आणि त्याने बहिणीकडे पाहिले.

प्राध्यापकांनीही पाहिले. ज्याने एकेका शब्दावरून शतकांपूर्वीचे बनावट लेखक पकडले, त्याने भिंतीवरच्या कागदातले चार शब्द खोटे ठरवले होते. तो कागद कोणाचा, एवढेच तपासले नव्हते. पाठचिकित्सेचा पहिला धडा तोच होता. 'निर्धास्त' हा शब्द त्यांना रोज सकाळी चहाबरोबर मिळत होता.

पत्नी यंत्राशी बसून किटलीच्या मुठीचे सुटे दोरे कातरत होती. तिने कात्री खाली ठेवली नाही. तिचा कबुलीजबाब येथे शब्दशः देत आहोत:

"हो, मीच छापून लावला तो कागद. 'चालत नाही, जरा दुरुस्त करून द्या' असं म्हटलं असतं, तर तुम्ही 'बघू' म्हणाला असता आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं असतं. तुम्हाला खुर्चीतून उठवायचं तर मदत मागून उपयोग नसतो, भिंतीवर काहीतरी खोटं लिहून लावावं लागतं, हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. आणि आता तो कागद काढू नका. आता तो खरा आहे."